लेकीच्या गावचं पाणी

मुक्काम डोंगरातलं तळं, इटली देश
अधिक महिना

तीर्थरूप आक्कांच्या पायाशी धाकट्या मच्छिंद्रचा, परमुलखातून जेवढं वाकता येईल तेवढं वाकून नमस्कार. (इथली घरं डोंगराला टेकून बांधलेली आहेत, छत उतरतं. जास्त वाकलं की डोकं तुळईला लागतं. लागलं, पण वाकलो.)

तुमचा गुडघा काय म्हणतो? म्हैस व्याली का? उसाला पाणी पुरतंय का, का अजून शेजाऱ्याच्या मोटारीकडे बघत बसावं लागतं? कानातलं मशीन लावत जा. फोनवर तुमचं आम्हाला सगळं ऐकू येतं, आमचं तुम्हाला काही येत नाही, आणि आमच्या वतीनं उत्तरंही तुम्हीच देऊन मोकळ्या होता, म्हणून शेवटी हे पत्र लिहायला घेतलं. हातानं लिहितोय. जावई याचे फोटो काढून कल्याणच्या मोबाईलवर धाडतील आणि कल्याण तुम्हाला ओट्यावर बसून वाचून दाखवेल. (कल्याण, भाच्या, नीट ऐक. कंसातलं मोठ्यानं वाचायचं नाही. कंस आला की खोकायचं आणि पुढं जायचं. तुझ्या आईला मी साठीला आलो तरी भितो, हे तुला सांगायला नको.)

आक्का, आम्ही निघालो त्या दिवशी तुम्ही गुडघा दुखत असताना श्रीगोंद्याहून तिसगावला आलात आणि दोन आज्ञा केल्यात. पहिली, अधिकाचं वाण जावयाच्या हातात पडलंच पाहिजे. त्याला रजा मिळत नसेल तर सासऱ्यानं जाऊन द्यावं. दुसरी, रुपालीची कूस अजून उजवली नाही, तेव्हा तिच्या घरी अन्नाचा कण नाही की पाण्याचा थेंब नाही. मी नुसतं म्हणून बघितलं की आक्का, महिनाभर राहायचंय. त्यावर तुम्ही गाडीच्या खिडकीत तोंड घालून म्हणालात, "डोंगरात ऱ्हा न्हाईतर आभाळात ऱ्हा, लेकीची पायरी ती लेकीची पायरी." ते ऐकून गाडीचा ड्रायव्हरसुद्धा विमानतळापर्यंत पाणी प्याला नाही.

वाण घेतलं. तेहतीस अनारसे डब्यात, वर एक जादा, मोडलं तर असावं म्हणून. माझ्या गिरणीतलं बाजरीचं आणि ज्वारीचं पीठ, शेंगदाण्याची चटणी, काळा मसाला, दशम्या. इटलीत उतरल्यावर एका साहेबानं पिठाची पिशवी उघडायला लावली, चिमटीत धरून बघितलं. मी त्याला खुणेनं विचारलं, बारीक आहे ना? चाळीस वर्षं गिरणी चालवलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? त्यानं मान हलवली आणि जाऊ दिलं. परदेशात आपल्या दळणाला मान मिळाला हे तिसगावात सांगायला हरकत नाही.

आता गावाविषयी. गावाला तीन शब्दांचं नाव आहे, त्यातले दोन संतांचे आहेत आणि तिसरा मला म्हणता येत नाही, म्हणून मी त्याला तळेगाव म्हणतो. चारी बाजूंनी डोंगर, डोंगरावर ऐन उन्हाळ्यात बर्फ, आणि मधोमध तळं. आक्का, तळं म्हणजे काय सांगू. काठोकाठ भरलेलं, तळाचे गोटे दिसतील इतकं स्वच्छ, आणि त्यात कोणी काही करत नाही. कोणी धुणं धुवत नाही, कोणी म्हैस घालत नाही, कोणी टँकर लावत नाही. म्हातारे लोक काठाला बाकड्यावर बसतात आणि पाण्याकडे बघतात. मीही जाऊन बसलो. आपल्याकडे एवढं पाणी असतं तर बघायला कोणाला सवड मिळाली असती का, असा विचार मनात आला आणि जरा राग आला. कोणाचा ते ठरवता आलं नाही.

गोम अशी की एवढं पाणी डोळ्यांसमोर असून आम्ही तहानलेले. पहिल्याच दिवशी मी रतनला म्हटलं, नळ ग्रामपंचायतीचा, पाणी सरकारचं, मग ते लेकीचं कसं? तुमची भावजय म्हणाली, तोटी लेकीच्या भिंतीला आहे. यापुढं वाद संपला. पण गावच्या चौकात एक दगडी हौद आहे, त्यावर सिंहाचं तोंड, आणि तोंडातून पाण्याची धार. ते सार्वजनिक. तेव्हा रोज सकाळी रतन नऊवारीचा काष्टा आवळून, डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर कळशी घेऊन गल्ली चढते, आणि मागं फोटो काढणाऱ्या गोऱ्या लोकांची रांग चालते. मी पुढं चालतो, म्हणजे फोटोत यावं म्हणून नाही, रस्ता दाखवायला. (कल्याण, फोटोत यावं म्हणूनच.)

या सिंहापायी माझी फजिती झाली ती सांगतो, म्हणजे दुसऱ्या कोणाकडून कळायला नको. त्या सिंहाला तोटी नाही. दिवसा वाहतो, रात्रीही वाहतो, प्यायला कोणी असो नसो. आपल्या पाथर्डी तालुक्यात जन्मलेल्या माणसाला हे बघवेल का? दोन रात्री मला झोप लागली नाही. अंथरुणात पडून ती धार ऐकायची आणि मनात म्हणायचं, गेली एक घागर, गेली दुसरी. तिसऱ्या दिवशी मी पहाटे उठलो, बंद करायचा खटका सगळीकडे शोधला, सापडला नाही, तेव्हा गळ्यातला पंचा गुंडाळून सिंहाच्या तोंडात ठासला. मन शांत झालं. घरी येऊन पडतो न पडतो तोच गलका. पाणी थांबलं नव्हतं, त्यानं फक्त वाट बदलली होती. ते हौदामागच्या पाववाल्याच्या दुकानात, भट्टीच्या शेजारच्या भिंतीतून निघालं. पोलीस आला. उंच, मिशीवाला, टोपीला पीस लावलेला. त्यानं पंचा पिळला आणि हे कोणाचं म्हणून सगळीकडे दाखवत फिरला. अख्ख्या गावात पंचा वापरणारा माणूस एकच असल्यामुळं तपासाला वेळ लागला नाही. जावयांनी खाली मान घालून मला सोडवलं आणि पाववाल्याकडून आठवडाभर पाव घ्यायचं कबूल केलं, जे आम्ही अर्थातच खाल्ले नाहीत.

दशम्या संपल्यावर जेवणाचा प्रश्न आला. रतननं त्यावर तोडगा काढला. लेकीच्या घरात चूल नको ना, मग तळ्याच्या काठावर तीन दगड मांडू. मांडले. काटक्या गोळा केल्या. दोन भाकरी झाल्या, तिसरी तव्यावर होती, तेवढ्यात धूर बघून तोच पीसवाला पोलीस आला. त्याला मी दिसलो. त्याच्या चेहऱ्यावर जे आलं त्याला आपल्याकडे "पुन्हा तूच का" म्हणतात, आणि ते समजायला त्यांची भाषा यावी लागत नाही. रतननं त्याच्या हातावर भाकरी आणि चटणी ठेवली. त्यानं ती उभ्यानं खाल्ली, डोळ्यांतलं पाणी पुसलं, बोटं चाटली, आणि मग चूल विझवायला लावली. कायदा म्हणजे कायदा.

त्या संध्याकाळी रुपाली आमच्यासमोर येऊन उभी राहिली. हातात पाण्याचा पेला. ती रोज असाच पेला आणायची, रतन मान हलवायची, आणि पोरगी तो परत नेऊन ठेवायची. त्या दिवशी मात्र ती परत फिरली नाही. म्हणाली, "आई, तू माझ्या घरी आलीस, का नुसती माझ्या गावाला आलीस?" रतन भिंतीकडे तोंड करून पडली. लग्नाला सात वर्षं झाली, डॉक्टर झाले, नवस झाले, आपल्या मढीच्या नाथांना किती साकडी घातली ते तुम्हाला माहीतच आहे. मूल नाही हे पोरीला कोणी सांगायला नको, पण पाण्याचा पेला रोज परत गेला की ते रोज सांगितल्यासारखं होतं. मला फार वाईट वाटलं. पण आज्ञा म्हणजे आज्ञा, आणि तुमचंच उदाहरण रतननं मला दिलं. शेवगावला आरतीकडे जाता तेव्हा तुम्ही कल्याणकडून बाटली भरून घेता, तिच्याही लग्नाला नऊ वर्षं झाली आणि मूल नाही म्हणून, पोटच्या लेकीच्या उंबऱ्यावर बसून आपल्याच बाटलीतलं पाणी पिता. आक्का करतात ते मी करू नये का, असं ती म्हणाली.

आणि दुसऱ्या दिवशी देव धावून आला. शेजारी एक विधवा म्हातारी राहते, तिचं नाव लुचीया. (नावावर जाऊ नकोस, बाई सरळ आहे.) ती तांब्याचं पातेलं घेऊन दारात हजर. आत पिवळाधमक घाटा. मी बोटानं दाबून बघितला. मका, भरड दळण, जातं जरा सैल ठेवलेलं. रतननं निकाल दिला की शेजारीण म्हणजे काही लेक नव्हे, तेव्हा हे चालतं. आम्ही दोघांनी पातेलं पुसून खाल्लं.

आता आपल्याकडे रिकामं भांडं परत देत नाहीत. रतननं पातेल्यात शेंगदाण्याची चटणी घालून दिली. आक्का, त्या गावातही रिकामं भांडं परत देत नाहीत हे आम्हाला कुठं माहीत? दुपारी पातेलं परत आलं, आत चीजचा गोळा. रतननं मेतकूट भरून दिलं. परत आलं, आत अक्रोड. आम्ही कांदे दिले, तिनं लोकरीचे मोजे दिले. रतन हट्टाला पेटली, तिनं नवीकोरी इरकल चोळी दिली. त्या दिवशी पातेलं आलं नाही. आम्ही म्हटलं जिंकलो. संध्याकाळी म्हातारी स्वतः आली, चोळी अंगात घालून, आणि पातेल्यात जिवंत कोंबडी. कोंबडी आता जावयांच्या गाडीत राहते. दोघी रोज ओट्यावर बसून बोलतात, ही तिसगावचं बोलते, ती तिचं बोलते, आणि एकमेकींच्या गुडघ्याची सगळी हकिकत त्यांना कळलेली आहे.

मुख्य म्हणजे रोज दोन वेळा पातेल्यातून जेवण येऊ लागलं. आणि इथं मला इटालियन लोकांविषयी एक शोध लागला, तो मुद्दाम लिहितो. पहिल्या दिवशी घाटा अळणी होता. दुसऱ्या दिवशी त्यावर मोहरीची फोडणी आली. मग मेथी आली. मग पिठलं आलं. आणि त्यानंतर, आक्का, तुम्हाला खोटं वाटेल, भाकरी आली. बाजरीची, पापुद्रा सुटलेली, बरोबर ठेचा. इटालियन लोक बाजरीची भाकरी थापतात हे मला साठ वर्षं कोणी सांगितलं नव्हतं. मी जावयांना म्हटलं, डोंगरी माणसं सगळीकडे सारखीच. जावयांना ठसका लागला. त्यांना अलीकडे जेवताना फार ठसका लागतो, हवा मानवत नसावी.

तर सांगायचं ते एवढंच, की वाण पोचलं, दिवा ओवाळला, जावयांनी अनारसे मोजून घेतले, आणि तुमची दुसरी आज्ञाही आम्ही तंतोतंत पाळली आहे. लेकीच्या घरचा कण नाही, थेंब नाही. तुमच्या आशीर्वादानं सगळं सुरळीत. थोरांना नमस्कार, धाकट्यांना गालगुच्चा, म्हशीच्या पाठीवर माझ्या वतीनं एक थाप.

तुमचा आज्ञाधारक,
मच्छिंद्र

ता. क. एक शंका, सहज म्हणून. समजा पीठ माझ्या गिरणीतलं, स्वयंपाकघर परक्या बाईचं, गॅस तिचा, तवा तिचा, पातेलं तिचं, पाणी चौकातल्या सिंहाचं. फक्त थापणारे हात लेकीचे. तर ती भाकरी कोणाच्या घरची धरायची? घाई नाही. पण उत्तर "शेजारणीच्या" असं यावं.

ता. क. दुसरा. आक्का, खरं सांगतो, कारण तुमची भावजय म्हणते तुम्ही नाही सांगितलंत तर मी सांगेन. इटालियन लोक भाकरी थापत नाहीत. वाणाच्या दिवशी रतन जावयांसाठी पुरणात गुंतली होती म्हणून पातेलं परत द्यायला मी गेलो, मागच्या दारानं. आत बघतो तर म्हातारी खुर्चीत बसून लसूण सोलतेय आणि ओट्याशी रुपाली भाकरी थापतेय. (बाई शेवटी नावावर गेलीच.) रोज सकाळी आम्ही सिंहाकडे गेलो की पोरगी मागच्या दारानं शेजारी जायची, आमचं रांधायची आणि पुढच्या दारानं शेजारणीकडून पाठवायची. मला बघून तिचे पिठाचे हात तसेच राहिले. म्हणाली, "दादा, आईला सांगू नका. माझ्या हातचं खातीये ती, तेवढं खाऊ द्या." मला रडू आलं. (कल्याण, हे मोठ्यानं वाचलंस तरी चालेल.) मी सांगणार नाही म्हटलं आणि गडबडीत द्यायला नेलेलं पातेलं तसंच हातात घेऊन परत आलो.

मग जावयांना पाटावर बसवलं. शेजारीण चोळी घालून खुर्चीत. वाण दिलं, ओवाळलं, सगळं झालं, आणि रतन एकदम म्हणाली, "रुपे, पानी दे." रुपाली आमच्या कळशीकडे धावली. रतन म्हणाली, "त्यातलं न्हाई. तुझ्या नळाचं आन." पोरीनं घाईनं काठोकाठ पेला भरून आणला, अर्धं पाणी जमिनीवर गेलं. राहिलेलं तुमच्या भावजयीनं एका दमात संपवलं, पेला उलटा करून दाखवला आणि म्हणाली, "पैल्या फोडनीपासून तुझ्याच हातचं खातीया. लेकीच्या हातचं मीठ मला कळत न्हाई व्हय?" मी विचारलं, मग इतके दिवस गप्प का बसलीस? तर म्हणाली, "बोलले असते तर खाता आलं असतं व्हय?" मायलेकी गळ्यात पडून रडल्या, शेजारीण काहीच न कळून त्यांच्याहून मोठ्यानं रडली, आणि गडबडीत मीही दोन पेले पाणी प्यालो. बर्फाचं पाणी आहे, आक्का. दात ठणकले, पण गोड होतं.

ता. क. तिसरा. पत्राचं खरं कारण हे. झालं ते झालं, पण तुमच्या परवानगीवाचून झालं, हे मला गिळवत नाही. तेव्हा कृपा करून मागच्या तारखेनं परवानगी द्यावी. म्हणजे असं करू: आम्ही निघालो तेव्हाच तुम्ही गाडीच्या खिडकीतून "खुशाल प्या" म्हणाला होतात, आणि गाडीच्या आवाजात मला ते ऐकू आलं नाही. चूक सगळी माझ्या कानाची. भावकीतही असंच सांगू. (कल्याण, आई या वेळी कशा दिसतात ते मला वेगळं कळव. पाटा-वरवंटा जवळ असेल तर आधी उचलून ठेव.)

ता. क. चौथा. यापुढचं रतनबाई सांगणार, लिहिणार रुपाली. मला बाहेर जायला सांगितलंय.

आक्का, मी रतन. कल्याण, ह्ये मोठ्यानं वाच, खोकू नगंस. यांनी काय मागितलं ते मला म्हाईत हाय. परवानगी नगं. मी पानी पेले ते माझ्या मनानं पेले, आन रोज पेते. तुमच्यावर माझा राग न्हाई, तुमाला बी कुनीतरी असंच सांगितलेलं आसंल. लेकरू हुईल न हुईल, ते देवाच्या हातात. पेला आपल्या हातात हुता. सात वर्सं मी त्यो परत लावला, मला लाज वाटती. आक्का, तुमी आरतीच्या उंबऱ्यावर बाटली घिऊन बसता ना, तवा ती आत चुलीपाशी जाऊन रडती. मी बगितलंय. तुमाला ऐकू येत न्हाई म्हनून सांगितलं न्हवतं. शेवगाव काय इटलीएवढं लांब न्हाई. उद्याच्या गाडीनं जा, बाटली नेऊ नका, आन गेल्या गेल्या तिला पानी मागा.